आयोवाची काळी माती आणि आपली काळी एकच का? हिमनदीने आणून टाकलेल्या जमिनीबद्दल जरा सविस्तर

काका, तुम्ही जूनमध्ये लेकीकडे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स गावी आला होतात, तिथल्या एका शेताच्या कडेला मूठभर माती उचलून बघितलीत आणि विचारलंत की ही तर आपल्या परभणीच्या काळीसारखीच दिसते, मग हे लोक जमिनीत पाइप का पुरतात, उंचवट्यावर माती फिकट आणि खोलगटात काळीभोर असं का, आणि सोयाबीनच्या शेतात ते पिवळे गोल कडे कशाचे. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच उत्तर देतो. मी गेली सोळा वर्षं याच पट्ट्यात माती तपासायचं आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचं काम करतोय, त्याआधीचं शिक्षण सगळं आपल्या काळ्या जमिनीवर झालं, त्यामुळे दोन्ही माती हाताखालून गेल्यात.

पहिली गोष्ट, रंग सोडला तर दोन्हीत फारसं साम्य नाही. आपली काळी बेसाल्ट झिजून झालेली, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक खाली आणि त्याचीच माती वर किंवा वरून वाहून येऊन सखल भागात साठलेली. चिकणमाती ५०-६० टक्के, तीही स्मेक्टाइट जातीची, पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि एवढी काळी असूनही सेंद्रिय कर्ब जेमतेम अर्धा टक्का, कारण आपल्याकडचा काळा रंग जास्त करून गडद खडकाचा आणि त्या चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्युमसचा, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा. इथला रंग मात्र खरोखर ह्युमसचा आहे, गवताच्या मुळांचा. तुम्ही ज्या शेतात उभे होतात तिथे सेंद्रिय पदार्थ पाच टक्क्यांच्या आसपास असणार.

इथे एक घोटाळा होतो तो आधीच सांगतो. आपल्या माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" लिहिलेलं असतं आणि इथल्या रिपोर्टवर "सेंद्रिय पदार्थ", हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवायचे नाहीत. कर्बाला साधारण १.७२ ने गुणलं की पदार्थ येतो. म्हणजे आपला ०.५ कर्ब म्हणजे ०.८६ पदार्थ. फरक तरीही पाच-सहा पटीचा राहतोच, पण दहा पटीचा नाही.

आता ही माती आली कुठून ते. एम्स ज्या भागात आहे त्याला डे मॉइन लोब म्हणतात, म्हणजे कॅनडाकडून आलेल्या बर्फाच्या थराची एक जीभ साधारण १६-१७ हजार वर्षांपूर्वी मिनेसोटातून खाली सरकत आत्ताच्या डे मॉइन शहरापर्यंत आली आणि पुढच्या दोन-तीन हजार वर्षांत वितळून गेली. येताना वाटेतलं सगळं खरवडत आली, चुनखडक, शेल, उत्तरेकडचा ग्रॅनाइट, आधीची माती, आणि वितळताना ते सगळं जागच्या जागी टाकून गेली. त्या टाकलेल्या मालाला टिल म्हणतात. कित्येक ठिकाणी शंभर फुटांपेक्षा जास्त जाडीचा थर आहे. आपण नदीचा गाळ ओळखतो, पण टिल म्हणजे गाळ नव्हे. पाणी निवड करतं, जाड वाळू आधी टाकतं, बारीक चिखल शेवटी टाकतं, म्हणून गाळाचे थर वेगवेगळे दिसतात. बर्फ काहीच निवडत नाही. चिकणमातीच्या कणापासून म्हशीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकाच ढिगात. या एका गोष्टीमुळे या जमिनीचा पोत इतका चांगला झाला, वाळू, पोयटा आणि चिकणमाती तिन्ही भरपूर, कुठलंच एक डोईजड नाही. उंचवट्यावरच्या मातीत चिकणमाती वीस-पंचवीस टक्के, खोलगटाकडे तीस-पस्तीस. म्हणून भेगा पडत नाहीत, म्हणून हातात घेतली की भुसभुशीत लाडूसारखी फुटते, आपल्यासारखी गोळा होऊन बसत नाही.

(पूर्ण आयोवाबद्दल बोलत नाहीये हे लक्षात ठेवा. राज्याचा पश्चिम आणि दक्षिण भाग वाऱ्याने आणलेल्या लोएसच्या बारीक मातीचा आहे, तो विषय वेगळा. मी मध्य आणि उत्तर-मध्य आयोवाचं सांगतोय, जिथे टिल सरळ वर आहे.)

दगडांचं पण सांगतो कारण तुम्ही शेताच्या कोपऱ्यातला ढीग बघितला असेल. गुलाबी, करडा ग्रॅनाइट. खालचा पक्का खडक इथे चुनखडक आणि शेल आहे, ग्रॅनाइट उत्तरेकडून शेकडो मैलांवरून बर्फात अडकून आला. आणि तो दरवर्षी नवीन वर येतो. हिवाळ्यात जमीन तीन-चार फूट गोठते, गोठताना दगडाला वर उचलते, खाली पोकळी होते, वितळताना त्या पोकळीत बारीक माती शिरते आणि दगड परत खाली बसू शकत नाही. म्हणून एप्रिलमध्ये पेरणीच्या आधी घरातली पोरंबाळं शेतात दगड वेचताना दिसतात. आजोबांनी वेचले, बापाने वेचले, तरी नातवाला शिल्लक आहेतच.

बर्फ गेल्यावर आधी स्प्रूसची जंगलं आली, मग पानगळीची झाडं, आणि गेली आठ-नऊ हजार वर्षं उंच गवताची प्रेअरी. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास, पुरुषभर उंच गवत, आणि जमिनीच्या वर जेवढं दिसतं त्याच्यापेक्षा जास्त जमिनीखाली. झाडाचा पाला वर पडतो, वरच कुजतो. गवताचं उलटं, मुळं दरवर्षी जमिनीतच मरतात, दोन-दोन फूट खोलवर, आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने गोठलेले असल्यामुळे कुजणं थांबतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळीस डिग्रीत सेंद्रिय पदार्थ जळून जातो म्हणा ना, इथे तो फ्रिजमध्ये ठेवल्यासारखा टिकतो. अशा गवताळ काळ्या जमिनींना मॉलिसोल म्हणतात, आपली काळी व्हर्टिसोल. युक्रेनची चेर्नोझेम आणि ही नात्यातल्या.

मी काय बघतो ते सांगतो म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल. उंचवट्याच्या उतारावर चार फुटांचा प्रोब घालायचा, नळी वर काढून ट्रकच्या मागच्या फळीवर आडवी ठेवायची. वरचे चौदा-सोळा इंच गडद, ओलं असताना जवळजवळ काळं, चिमटीत घेतलं की कणीदार, ज्वारीच्या जाड कण्यांसारखे दाणे सुटतात, मुळं सगळीकडे. मध्येच काळ्याचा एक गोल ठिपका खालच्या तपकिरीत दिसतो, ते गोफर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचं जुनं बीळ, वरची माती त्यात भरली गेलेली. त्याच्या खाली तपकिरी थर, जरा चिकट, अंगठ्याने दाबून पट्टी काढली तर इंच-दीड इंचाची निघते. अडीच-तीन फुटांवर रंग पिवळट तपकिरी होतो, करड्या रेघा आणि गंजाचे ठिपके दिसतात, म्हणजे इथे वर्षातले काही महिने पाणी उभं असतं. आणि मग मी दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी बाटली काढतो, वरपासून एकेक थेंब टाकत खाली येतो. वर काही होत नाही. तीन फुटांच्या आसपास एकदम फस्स करून फेस येतो. तिथून खाली मूळ टिल, चुनखडकाच्या पिठाने भरलेला, वरचा चुना पावसाने हजारो वर्षांत धुऊन खाली नेलेला. हा फेस कुठल्या खोलीवर येतो ही एक गोष्ट मला सांगा, मी त्या जागेची अर्धी कुंडली सांगतो.

आता तुमचा उंचवटा-खोलगट. बर्फाने टाकलेली जमीन सपाट नव्हे, लाटालाटांची आहे. उंच-सखल फरक पाच-दहा फुटांचाच, गाडीतून जाताना कळतही नाही, पण एकाच ऐंशी एकरांत पाच-सहा वेगळ्या माती. अगदी माथ्यावर, जिथे नांगरून-नांगरून वरची काळी उतरून गेली, तिथे स्टॉर्डन नावाची फिकट माती, ॲसिडचा थेंब पृष्ठभागावरच फसफसतो. उतारावर क्लॅरियन, निचरा चांगला, सेंद्रिय पदार्थ तीन-चार टक्के. त्याच्या खाली निकोलेट, पाच टक्क्यांच्या आसपास. सपाट ओलसर भागात वेबस्टर, सहा-सात टक्के, खालचा थर करडा, कारण पाणी साचून लोखंडाचा रंगच गेलेला. आणि मधल्या बशीसारख्या खळग्यात ओकोबोजी, सगळ्यात काळी, सगळ्यात चिकट. ही नावं शेतकऱ्यांना पाठ असतात, आपल्याकडे काळी, मुरमाड, चोपण, पांढरी म्हणतात तशीच. आणि गंमत बघा, ती खळग्यातली ओकोबोजी मात्र खरंच आपल्या काळीची नातलग आहे, स्मेक्टाइट भरपूर, ओली असली की बुटाला पायलीभर चिकटते, कोरड्या वर्षी भेगासुद्धा पडतात. इथले जुने लोक अशा चिकट मातीला गम्बो म्हणतात. १८३७ मध्ये जॉन डिअरने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर केला तोही याच कारणाने, प्रेअरीची माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसायची, दर थोड्या अंतरावर थांबून खरवडावी लागायची.

पिवळ्या कड्यांचं उत्तर इथेच आहे. पावसाचं पाणी खळग्यात साचतं, तिथून खाली आणि बाजूला झिरपतं, कडेला जमीन थोडी उंच असते तिथे ते पाणी वर ओढलं जातं, वाफ होऊन जातं आणि विरघळलेला चुना तिथेच सोडतं. हजारो वर्षं हे चाललं. म्हणून खळग्याच्या मध्यभागी चुना कमी आणि कडेला गोल रिंगणात भरपूर. त्या रिंगणातल्या मातीला हार्प्स म्हणतात, आजूबाजूला सपाटीवर कॅनिस्टिओ नावाची तशीच चुनखडीची माती असते. पीएच आठच्या जवळपास. लोह मातीत भरपूर आहे हो, पण त्या चुन्यात सोयाबीनच्या मुळाला ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. आपल्याकडे चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो ना, तोच हा प्रकार, फक्त इथे तो गोल दिसतो कारण चुनाच गोल साठलाय.

यात मी एकदा चूक केली ती सांगतो. दुसऱ्याच वर्षी एका शेतकरी बाईंच्या चाळीस एकरांतून पंधरा-सोळा ठिकाणची माती घेऊन एकत्र मिसळून एकच नमुना पाठवला, जसं आपल्याला शिकवलेलं असतं. पीएच ७.१ आला, छान वाटला, मी सांगितलं कुठलंही बियाणं चालेल. जूनअखेर शेतात सहा पिवळी रिंगणं. तो ७.१ कुठल्याच जागेचा नव्हता, माथ्याच्या खालच्या उतारावर ६.२ आणि कडेला ८ यांची सरासरी होती. त्या बाईंनी काही बोलून दाखवलं नाही, पण मी त्या शेतात पुन्हा गेलो तेव्हा प्रत्येक मातीचा नमुना वेगळा काढला आणि तेव्हापासून तसंच करतो. उपाय म्हणाल तर पहिला वाण, केवडा सहन करणारा वाण त्या तुकड्यात पेरायचा, निम्मं काम तिथेच होतं. दुसरा, बियाण्याच्या तासात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह. ईडीटीए प्रकार स्वस्त असतो पण जास्त पीएचला लोह सोडून देतो, तो जमिनीत घालून पैसे वाया जातात, हे आपल्याकडच्या चुनखडीच्या रानालाही तंतोतंत लागू आहे. फवारणीने पान हिरवं होतं, पण पुढचं पान परत पिवळंच येतं.

आता पाइप. इथला वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या परभणीच्या जवळपास तेवढाच. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत पडतो आणि उरलेलं वर्ष ऊन ओढून घेतं. इथे तो वर्षभर विभागून येतो, हिवाळ्याचा बर्फ मार्चमध्ये वितळतो, वसंतात ऊन सौम्य, आणि खालचा घट्ट दाबलेला टिल पाणी सहज खाली जाऊ देत नाही. शिवाय जमीन इतकी नवीन आहे की नद्या-ओढ्यांना अजून सगळीकडे पोहोचायला वेळच मिळालेला नाही, पावसाचं पाणी जाणार कुठे? खळग्यातच बसणार. पहिले वसाहतवाले आले तेव्हा हा सगळा भाग दलदलीचा होता, बदकांचा. १८८० नंतर मातीच्या भाजलेल्या नळ्या हाताने खंदून पुरल्या, फूटभर लांबीच्या, एकाला एक टेकवून, सांध्यातून पाणी आत येतं. आता प्लास्टिकचे भोकांचे चार इंची पाइप, साडेतीन-चार फूट खोल, साठ ते शंभर फुटांवर एक ओळ. त्यांचं पाणी सामाईक मोठ्या नळीत आणि चरात जातं, त्यासाठी निचरा-जिल्हे आहेत, कायद्याने स्थापन झालेले, शेतकरी त्यांना कर देतात. जगातली इतकी नामांकित जमीन, पण पाइप काढून टाकले तर दोन-चार वर्षांत अर्ध्या शेतात लव्हाळा उगवेल. म्हणून मी म्हणतो की या जमिनीची सुपीकता टिलने आणि गवताने दिली, पण पीक पाइपाने दिलं. मक्याची राज्याची सरासरी एकरी दोनशे बुशेलच्या आसपास, म्हणजे पन्नास क्विंटल.

वाफसा हा शब्द इंग्रजीत नाही याची मला नेहमी खंत वाटते, कारण इथलं सगळं त्यावरच चालतं. हे लोक विचारतात "ग्राउंड फिट झालं का?" पेरणीची खिडकी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, पाऊस पडत राहिला तर त्यातले मोजके दिवस वाफशाचे मिळतात, आणि क्लॅरियन वाफशावर आली तरी शेजारची वेबस्टर अजून दोन-तीन दिवस ओली. चाळीस-चाळीस फुटी पेरणी यंत्र घेऊन माणूस दोन्हीवरून एकाच फेरीत जातो. मी सांगतो की वरची कोरडी माती बघू नका, चार इंच खालची उचला, मुठीत दाबून अंगठ्याने ढकला, फुटली तर चला, पट्टी निघाली तर घरी जा. ओल्यात यंत्र घातलं की तासाची भिंत चिकट गुळगुळीत होते, मूळ तिला भेदून बाहेर जाऊ शकत नाही, आणि पुढे जुलैत पाऊस ओढला की तेच झाड आधी माना टाकतं. शरदात धान्याची भरलेली गाडी ओल्या शेतातून गेली तर दाब दोन फुटांपर्यंत जातो. लोक म्हणतात हिवाळ्यात गोठून जमीन मोकळी होते, वरच्या काही इंचांत होतेही, खाली नाही. मी चाकोऱ्या पाच वर्षांनी मोजल्यात, खालचा दाब तसाच असतो.

पाइपाची दुसरी बाजू नायट्रेटची, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाची, आणि ती मला खरोखर अस्वस्थ करते. साधा हिशोब आहे, सेंद्रिय पदार्थाच्या दर एक टक्क्यामागे जमीन वर्षाला एकरी वीस पौंडांच्या आसपास नत्र सोडते. पाच टक्के असेल तर शंभर पौंड, खत न टाकता. पण जमीन हे नत्र एप्रिल-मेपासून सोडायला लागते आणि मक्याला ते जूनच्या मध्यापासून लागतं. मधले दीड-दोन महिने शेत उघडं, वर पाऊस, खाली पाइप. प्रेअरीचं गवत एप्रिलमध्येच जागं व्हायचं आणि एक कण वाया जाऊ द्यायचं नाही. आता तो नायट्रेट रॅकून आणि डे मॉइन नद्यांत उतरतो आणि डे मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून तो काढायला वेगळा प्रकल्प चालवावा लागतो, नायट्रेटमधल्या नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅमची आहे. २०१५ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन काउंट्यांतल्या, म्हणजे आपल्या तालुक्यांसारख्या भागांतल्या, निचरा-जिल्ह्यांवर दावा लावला, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, पण पाण्यातलं नायट्रेट काही दाव्याबरोबर गेलं नाही. शरदात राय नावाचं गव्हासारखं धान्य पेरून ठेवणं हा मला सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो, एप्रिलमध्ये हिरवं काहीतरी मुळासकट उभं पाहिजे. बूनजवळ मार्सडेन फार्मवर एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठाचा प्रयोग आहे, याच क्लॅरियन-निकोलेट-वेबस्टर जमिनीवर, मका-सोयाबीनमध्ये ओट्स आणि क्लोव्हर किंवा लसूणघास घालून तीन-चार वर्षांची फेरपालट. २००३ ते २०११ चे आकडे प्रसिद्ध झालेत, खत आणि तणनाशक खूप कमी लागलं आणि उत्पन्न, नफा घटला नाही. मी स्वतः त्या फेरपालटीतली माती हातात घेतलीय, ढेकूळ पाण्यात टाकलं तर विरघळत नाही, तसंच राहतं. शेजारच्या नुसत्या मका-सोयाबीनच्या शेतातलं मिनिटभरात पसरतं.

आणि माथे. २०२१ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला एक अभ्यास आला, कॉर्न बेल्टच्या, म्हणजे इथल्या मक्याच्या पट्ट्याच्या, सुमारे एक तृतीयांश भागात वरचा काळा थर पूर्ण गेलाय असा. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण मार्चमध्ये रस्त्यावरूनच दिसतं, प्रत्येक उंचवट्याला फिकट टक्कल. पाण्याने जेवढी गेली असेल त्याच्याइतकीच नांगराने ढकलून खाली नेली. आपल्याकडे बांध घालून जिथल्या तिथे माती धरायची सवय आहे, इथे ती रुजलीच नाही, कारण वाटलं की कितीही खाली गेलं तरी कधी संपणारच नाही.

परभणीला यातलं काय नेता येईल असं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. पाइप सरसकट नको, आपल्या काळीत खर्च वेगळा, फुगणारी माती वेगळी, फक्त कॅनॉलच्या खालच्या चोपण झालेल्या रानात त्याचा विचार करा. नमुना मात्र आजपासून वेगळा काढा, चुनखडीचा तुकडा वेगळा, खालचं भारी रान वेगळं. तुमच्या आठ एकरांत निदान तीन नमुने निघतील.

आणि पुढच्या वेळी याल तेव्हा लेकीला सांगा पोकाहॉन्टस काउंटीतल्या कालसो प्रेअरीला घेऊन जायला, एम्सहून दीड तासाच्या आसपास. एकशे साठ एकर, कधीच नांगर न लागलेली. राज्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा होता, आता हजारातला एक हिस्साही उरलेला नाही. ऑगस्टमध्ये जा, गवत तुमच्या डोक्यावर असेल. चप्पल काढून दोन पावलं चाला, जमीन पायाखाली दबते आणि परत वर येते. मग बाहेर येऊन शेजारच्या मक्याच्या शेतात तसंच उभे राहा. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, ते १८९१ ते १८९६ एम्सलाच शिकले आणि शिकवत होते, तेव्हा अशी न मोडलेली रानं या भागात अजून बरीच होती. कार्व्हरांचं नाव दिलेली इमारत विद्यापीठात आहे, तीही बघून घ्या, लेकीच्या घरापासून लांब नाही.